केहिमकरांचं पुस्तक आणि आडनावातलं गाव

राजपुरीच्या धक्क्यावर शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या भरतात आणि सुटतात, पुन्हा भरतात आणि सुटतात. दोन हिवाळ्यांपूर्वी अशाच एका सकाळी एका ओळखीच्या होडीवाल्याने इस्रायलहून आलेल्या पाहुण्याची गाठ घालून दिली. पाहुणा चाळिशीच्या आतबाहेरचा. किल्ला बघून झाला होता, पण तो किल्ल्यासाठी आलाच नव्हता. त्याला आपलं गाव शोधायचं होतं. मी मुरुडात आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि जुनी कागदपत्रं वाचायची मला खोड आहे, एवढ्या भांडवलावर त्याला माझ्याकडे धाडलं होतं.

मी पहिला प्रश्न विचारला तो आपल्याकडे कुणीही विचारेल तोच. आडनाव काय? तो म्हणाला, "सॅम्युएल." मी म्हटलं, "ते झालं. त्याआधीचं?" त्याला प्रश्नच कळला नाही. त्याच्या पासपोर्टवर, वडिलांच्या पासपोर्टवर आणि आजोबांच्या मुंबईतल्या नोकरीच्या दाखल्यावरही शेवटी 'सॅम्युएल'च होतं. त्याआधी काहीतरी 'कर' असणार, एवढं मला ठाऊक होतं. कोणता 'कर', हे सांगणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

तो गेल्यावर मी हाइम सॅम्युएल केहिमकर यांचं बेने इस्रायलांच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक पुन्हा काढलं. या समाजाविषयी कुणीही काही लिहायचं म्हटलं की ते याच पुस्तकापाशी येतं. १८९७ मध्ये ते लिहून झालं आणि छापलं गेलं चाळीस वर्षांनी, १९३७ मध्ये, तेल अवीवला, इमॅन्युएल ओल्सवांगर यांच्या पुढाकाराने. तोवर लेखक हयात नव्हता. पूर्वी मी ते कोकणच्या इतिहासासाठी वाचलं होतं. या वेळी एकाच प्रश्नासाठी वाचलं, की माणसाच्या नावातला शेवटचा शब्द नक्की काय सांगतो?

आधी लेखकाचं स्वतःचं नाव पाहू. हाइम सॅम्युएल केहिमकर. पहिलं नाव हिब्रू, मधलं बापाचं, तेही हिब्रूच, आणि शेवटी अलिबागजवळचं किहीम. शब्द बायबलातले असले तरी त्यांची मांडणी पक्की मराठी आहे. स्वतःचं, मग बापाचं, मग गावाचं. आपल्या शाळेच्या हजेरीपटावर हे नाव बेमालूम खपून गेलं असतं. पुस्तकाला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. हा समाज खराखुरा यहुदी आहे ही एक, आणि तो इथला आहे, फार जुना आहे ही दुसरी. इसवी सनापूर्वी सुमारे १७५ च्या सुमारास, अँटिओकसच्या जुलमामुळे पळालेल्या लोकांचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही परंपरा केहिमकर मांडतात. त्यानंतर सुरू झालेले सण या लोकांना पूर्वी माहीत नव्हते, हे या काळाच्या बाजूने केलेल्या युक्तिवादात मोलाचं आहे. पहिल्या दाव्याला साक्ष बायबलातल्या नावांची आणि दुसऱ्या दाव्याला साक्ष गावांच्या नावांची. लेखकाच्या नावातच त्याच्या पुस्तकाचा सगळा वाद आटोपशीर मावला आहे.

ही गावं म्हणजे जवळजवळ सगळा रायगड जिल्हा आहे. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नागावकर, नवगावकर, आवासकर, दिवेआगरचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, चौलचे चेऊलकर. अशी शंभरावर आडनावं आहेत. आणि आमच्या मुरुडच्या कुशीतल्या राजपुरीचे राजपुरकर. हे शेवटचं घराणं साधंसुधं नव्हे. डेव्हिड रहाबी नावाच्या धर्मशिक्षकाने या समाजाला विसरलेल्या रूढी पुन्हा शिकवल्या आणि तीन घराण्यांना काजीपण दिलं, अशी परंपरा आहे. ती तीन घराणी म्हणजे झिराडकर, राजपुरकर आणि शापुरकर. एकोणिसाव्या शतकात जोसेफ एझिकिएल राजपुरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. मुंबईच्या डेव्हिड ससून शाळेचे ते मुख्याध्यापक होते. ज्या धक्क्यावर मला पाहुणा भेटला, त्याचं नाव मुंबईतल्या एका हिब्रू पंडिताच्या नावाला जोडलेलं होतं. रोज तिथे चहा पिणाऱ्या आम्हा लोकांना याचा पत्ता नव्हता.

इथवर सगळं गोड आहे, आणि केहिमकरांच्या मागून लिहिणारे बहुतेक लोक इथेच थांबतात. त्यांचं सूत्र असं : 'कर' म्हणजे मूळ, माती, अस्सलपणा. इंग्रजी राज्यात शिकलेल्या लोकांनी तो टाकला आणि बापाचं नाव आडनाव म्हणून लावलं. सॅम्युएल, सॅमसन, मोझेस, एझिकिएल, बेंजामिन. नाव साहेबाच्या कानाला गोड लागलं आणि गाव गेलं. पाहुण्याचा चेहरा डोळ्यांसमोर असताना मलाही हे सूत्र पटलं होतं. पण पुस्तक जितकं वाचत गेलो तितकं ते कच्चं वाटू लागलं.

पहिली अडचण अगदी घरगुती आहे. मुरुडकर भेटायचा तर सहसा मुंबईला जावं लागतं. मुरुडात सगळेच मुरुडचे. तिथे कुणाला मुरुडकर म्हणून कुणाची ओळख पटणार? माणूस गाव सोडतो, दुसऱ्या गावी जाऊन तेलाचा घाणा घालतो किंवा पलटणीत भरती होतो, आणि तिथले लोक त्याला विचारतात, "कुठला रे तू?" त्या उत्तराचं आडनाव होतं. म्हणजे 'कर' हा राहण्याचा दाखला नाही, निघून गेल्याचा दाखला आहे. केहिमकरांच्या पूर्वजांनी किहीम कधीतरी सोडलं, म्हणून ते केहिमकर झाले. पुस्तक हे गाव सुरुवात म्हणून वाचतं. मला ते प्रवासातलं एक ठिकाण वाटतं. नवगावला उतरलेल्या लोकांच्या वंशजांत नवगावकर इतर 'करां'हून जास्त मूळचे, असं त्या आडनावावरून म्हणताच येत नाही.

इंग्रजी आडनावांचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट जुनीच आहे. तिथे आडनावांचे साधारण चार वर्ग करतात. ठिकाणावरून, धंद्यावरून, बापाच्या नावावरून आणि टोपणनावावरून. लिंकन किंवा वॉशिंग्टन ही गावं आहेत, आणि गावाचं आडनाव बहुधा ते गाव सोडून दुसरीकडे वसलेल्या माणसाला मिळतं. विल्यम कॅम्डनने १६०५ मध्ये इंग्रजी आडनावांवर प्रकरण लिहिलं, तेव्हापासून तिकडे ही चर्चा चालू आहे. आपल्याकडे 'कर' इतका अंगवळणी पडला आहे की त्याच्याकडे कुणी असं पाहतच नाही.

दुसरी अडचण. 'कर' गाव सांगतो म्हणावं, तर कोणतं गाव? एक मुरुड आमचं. एक दापोलीजवळचं, जिथे महर्षी कर्वे वाढले. एक लातूर जिल्ह्यातलं. एक नांदगाव आमच्या तालुक्यात, एक नाशिक जिल्ह्यात. बोर्ली मांडला मुरुड तालुक्यात आणि बोर्ली पंचतन श्रीवर्धनमध्ये. त्यात रोमन लिपीची भर. किहीमचं केहिम झालं, चौलचं चेऊल झालं. केहिमकर इंग्रजीत लिहितात, त्यामुळे त्यांच्या पानावरची गावं आधी साहेबाच्या स्पेलिंगमधून जातात आणि मग आपण ती पुन्हा मराठीत आणतो. या फेऱ्यात ण आणि न, ळ आणि ल, त आणि ट एक होऊन जातात. जिल्ह्याच्या माणसाला उलगडा होतो, तिसऱ्या पिढीतल्या परदेशी नातवाला होत नाही. कोकणातल्या लोकांच्या इतिहासाचा हा पायाभूत ग्रंथ कोकणच्या लिपीत असता तर त्यातल्या निम्म्या गाठी पडल्याच नसत्या.

तिसरी अडचण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'कर' जितकं सांगतो तितकंच झाकतो. दिवेकर म्हटलं की माणूस चित्पावन असू शकतो आणि बेने इस्रायलही. कोकणी मुसलमानांत पारकर आहेत आणि हिंदूंतही. सकपाळ घराण्याला आंबडवे गावावरून शाळेत आडनाव मिळालं, त्यातूनच पुढे आंबेडकर हे नाव झालं. जात किंवा धर्म न बोलता ओळख सांगण्याची सोय या प्रत्ययात आहे, आणि ती वाईट नाही. पण सोय म्हणजे पुरावा नव्हे. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. केहिमकरांना हे चांगलं ठाऊक आहे. पण एका गावच्या गोऱ्या आणि काळ्या घरांना गावाचं नाव सारखंच लागू शकतं. आडनावांच्या यादीत एकोप्याने नांदणारा समाज मांडवात तसा नांदत नव्हता. यादीवर फार भार टाकला की ही फट दिसेनाशी होते.

आता टाकलेल्या 'कर'ची दुसरी बाजू पाहू. बापाचं नाव शेवटी लावणं हे खरंच इंग्रजी अनुकरण आहे का? हिब्रू पद्धतीत माणूस 'अमुक बेन तमुक' असतो, म्हणजे तमक्याचा मुलगा. मराठी पद्धतीतही बापाचं नाव मधोमध असतंच. १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधणाऱ्या कंपनी फौजेतल्या अधिकाऱ्याचं नाव समाजी हसाजी दिवेकर. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्याने ते बांधलं. समाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे एझिकिएल. 'जी' लावून बायबलातली नावं अशी मराठी केलेली होती की तानाजी आणि बाजी यांच्या रांगेत ती उभी राहावीत. पुढच्या शतकात शाळा, मिशनरी आणि छापील मराठी बायबल आल्यावर समाजीचे सॅम्युएल झाले. हा बदल करणाऱ्याला आपण इंग्रज होतोय असं वाटलं असण्याचं कारण नाही. आपण आपल्या ग्रंथाकडे परत चाललोय, असंच त्याला वाटलं असणार. सॅम्युएल हे नाव इंग्रजाच्या आधीपासून त्याचंच होतं. फक्त ते त्याच्याकडे इंग्रजी उच्चार घेऊन परत आलं.

इंग्रजी काय होतं? इंग्रजी होती ती चौकट. पलटणीचा पट, रेल्वेचं मस्टर, शाळेचा दाखला. त्या चौकटीत शेवटचा रकाना भरावाच लागतो, आणि तो बापाकडून मुलाकडे जसाच्या तसा गेला पाहिजे अशी अपेक्षा असते. बापाचं नाव एकदा त्या रकान्यात पडलं की ते तिथे गोठतं. मुलाच्या मागे बापाचं नाव न लागता पणजोबाचंच चालू राहतं. हे फक्त वसाहतीत घडलं असं नाही. वेल्समध्ये 'अप' म्हणजे 'चा मुलगा' अशी हलती पद्धत होती. इंग्लंडचा कायदा आणि कचेरी तिथे पोचल्यावर अप राइसचा प्राइस झाला, अप हाउएलचा पॉवेल झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला. खुद्द इंग्रजी 'सॅम्पसन' हे आडनावही यहुदी वंशाचा पुरावा नाही. ते बरंचसं ब्रिटनीत पूजल्या जाणाऱ्या संत सॅमसनच्या नावावरून, नॉर्मन लोकांबरोबर इंग्लंडात आलं. म्हणजे लंडनचा सॅम्पसन आणि मूळचे बेने इस्रायल असलेले भारतीय नौदलाचे व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहम सॅमसन यांच्या नावांचा कान सारखा आहे, पण वाटा पार वेगळ्या आहेत. या आडनावांना 'इंग्रजी आडनावं' म्हणणं मला म्हणूनच चुकीचं वाटतं. रकाना इंग्रजी आहे, आत लिहिलेलं नाव नाही.

लोकांनी या रकान्यात काय लिहायचं ते आपापल्या सोयीने ठरवलं, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. डॉक्टर जेरुशा झिराड यांनी गाव ठेवलं आणि 'कर' सोडला. नुसतं झिराड, इंग्रजी लिंकनसारखं. कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झालेल्या आणि १९६६ मध्ये पद्मश्री मिळवलेल्या या बाईंच्या नावात अलिबाग तालुक्यातलं एक खेडं उघडं उभं आहे. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा, नट डेव्हिड यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. पडद्यावर त्यांनी बाप आणि गाव दोन्ही वगळून नुसतं 'डेव्हिड' पुरेसं मानलं. निसिम एझिकिएल यांचं घराणं तळकरांचं, पण इंग्रजी कवी म्हणून जग त्यांना एका पूर्वजाच्या नावाने ओळखतं. गाव त्यांच्या आडनावात नाही, तरी तेल गाळणाऱ्या पूर्वजांची आठवण त्यांच्या कवितेत आली आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकण 'शनिवार तेली' म्हणायचं, ते हे लोक. त्या कवीच्या बाबतीत आडनावाने जे सोडलं ते कवितेने धरलं. 'कर' गेला म्हणजे सगळं गेलं, हा हिशेब म्हणूनच मान्य होत नाही.

मग पाहुण्याचं काय? माझं सगळं विवेचन खरं असलं तरी त्याच्या हाती काही लागत नव्हतं. 'कर' कच्चा पुरावा आहे, पण त्याच्याजवळ तोही नव्हता. सिद्धांताच्या पातळीवर मी त्याच्या आजोबांचं समर्थन करू शकतो. धक्क्यावर समोर उभ्या माणसाला ते समर्थन ऐकवणं मात्र निर्दयपणाचं झालं असतं.

मी त्याला विचारलं, "घरात कुणी इकडचं काही बोलायचं?" तो म्हणाला, आजी बोलायची. आजी त्याच्या लहानपणी गेली. तिचं मराठी त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवत होतं. घरात काही चांगलं घडलं की ती मलिदा करायची. पोहे, नारळ, गूळ, फळं. आणि म्हणायची, नवस खंडाळ्याला बोलले होते. तो मुंबईत उतरल्यावर आधी खंडाळ्याला जाऊन आला होता. लोणावळ्याशेजारच्या. तिथे चिक्की मिळाली.

मला हसू आलं, आणि मग लाज वाटली. अलिबागजवळ खंडाळे आहे. तिथल्या खडकावर एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, येऊन गेल्याची खूण आहे अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. लोक त्याला टापा म्हणतात, तिथे जातात आणि मलिदा करतात. त्याच्या कुटुंबातला ठिकाणाचा एकमेव पत्ता आजीच्या तोंडी टिकला होता. तो कुठल्या रकान्यात बसणारा नव्हता. आजीच्या स्वतःच्या नावात माहेरचं गाव लग्नादिवशी पुसलं गेलं असणार आणि सासरचं पुढे दप्तराने पुसलं.

इथे मला केहिमकरांच्या आणि त्यांच्या वाटेने जाणाऱ्या सगळ्याच लेखनाची सर्वांत मोठी उणीव दिसली. आडनावांचा इतिहास हा बापांचा इतिहास असतो. गाव धरलं तरी बापाचं आणि बापाचं नाव धरलं तरी बापाचंच. बाई दर पिढीला आपलं गाव मागे टाकून दुसऱ्याच्या गावाचं नाव लावते. बरेचदा ते गाव तिने पाहिलेलंही नसतं. आडनावांची यादी कितीही लांबवली तरी समाजातल्या निम्म्या माणसांचा प्रवास तिच्यात येत नाही. नवस, स्वयंपाक, शिव्या, 'आमच्याकडे असं नाही करत' हे वाक्य, या सगळ्यांत तो असतो. केहिमकर रूढींवरही तपशिलाने लिहितात, मलिदा त्यांना चांगला परिचयाचा आहे. पण त्यांच्या मांडणीत रूढी हा धर्माचा पुरावा आणि आडनाव हा भूमीचा. रूढीतही भूमी असते, हे त्यांच्या पुस्तकात मला सापडलं नाही.

एवढं टिपूनही सांगतो की हे पुस्तक नसतं तर मला प्रश्नही विचारता आला नसता. १८८३ च्या कुलाबा आणि जंजिऱ्याच्या सरकारी गॅझेटियरमध्ये बेने इस्रायल हा इतर जातींसारखा एक नोंदीचा विषय आहे, बाहेरून पाहिलेला. केहिमकरांनी तीच माणसं आतून लिहिली. समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढणाऱ्या माणसाने समाजाचा इतिहासही स्वतःच लिहायला घेतला, ही गोष्ट लहान नाही. माझी तक्रार त्यांच्याशी नसून, आजवर त्यांच्या यादीवर विसंबून राहिलेल्या आपल्याशी आहे. त्या यादीतलं एकेक गाव देवनागरीत, तालुक्यासह, दफनभूमीतल्या मराठी दगडांशी ताडून लिहायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. तिकडच्यांनी भाषा सांभाळली. गावांची यादी सांभाळणं हे इकडच्यांचं काम होतं.

पाहुणा खंडाळ्याला जाऊन आला. परतीच्या वाटेवर त्याने फोन केला. त्याला आता 'कर' लावावासा वाटत होता, आणि कोणता लावावा हे मला विचारायचं होतं. मी म्हटलं, "आजोबांचं गाव मला सांगता येणार नाही." थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, तुमच्या आडनावात गाव आहे का?"

आहे, मी सांगितलं. रत्नागिरी जिल्ह्यात आहे.

"कसं आहे ते?"

मला त्याचं उत्तर देता आलं नाही. मी तिथे अजून गेलेलो नाही.